डब्याचं पाणी कोण पितं?

भाईकाका आणि बाबा सख्खे भाऊ. वाटणी झाल्यापासून ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि तरी त्यांचा अर्धा दिवस एकमेकांशी बोलण्यातच जायचा, कारण मधे मी होते. पूर्णगडच्या वर कातळाला लागून आमची कलमांची बाग, तिच्या खालच्या अंगाला काकांच्या पोफळी, आणि मधे छातीइतका चिऱ्यांचा गडगा. गडग्याच्या अलीकडून बाबा मला म्हणायचे, "सांग त्याला, आज पंपाची पाळी आमची आहे." विहीर सामायिक, एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा. काका हातभर अंतरावर पलीकडे उभे. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं, पण मी तोंड वळवून सांगितल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचे नाहीत. मग मी सांगायचे, आणि सांगायचंच तर नुसतं कशाला? आधी बाबांसारखा घसा खाकरायचे, 'आमची'वर जोर द्यायचे, शेवटी नाकातून एक फुंकर. काका खर्जात उत्तर द्यायचे, "सांग तुझ्या बापसाला, पाळी मला शिकवू नको." ते मी ओठ न हलवता पोचवायचे, कारण काकांच्या तोंडात कायम पान. दोघंही मला दटावायचे की नकला बंद कर, आणि दोघंही दुसऱ्याची नक्कल चालू असली की मिशीत हसायचे. आज माझा नकलांचा कार्यक्रम संपला की लोक विचारतात, बाई, हे सगळं कुठे शिकलात? गडग्यावर बसून शिकले, झालं.

बाबा रत्नागिरीला कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात संशयी. दूधवाला गेला की बोट बुडवून नखावर थेंब धरायचे. कोळणीकडचा बांगडा कल्ला उघडून बघायचे आणि तो ताजा निघाला तर जास्तच काळजीत पडायचे, "आज ताजा का दिला असेल गो हिने?" मुंबईच्या आत्याला एसटीने आंब्याची पेटी पाठवताना सुतळीला एक खास गाठ मारायचे. दोन फेरे उलटे, एक सुलटा, आणि टोक आत दडपलेलं. वाटेत कोणी पेटी उघडली तर त्याला तशी गाठ परत मारता येणार नाही, असा हिशेब. पेटी पोचली की आत्या फोनवर सांगायची, "अरे, आंबे साखरेसारखे निघाले." बाबा म्हणायचे, "ते राहू दे. टोक आत होतं का बाहेर?" ती गाठ घरात कोणाला येत नाही अशी त्यांची खात्री होती. मला येत होती. नक्कल काय फक्त आवाजाचीच करतात? पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, उगाच त्यांनी दुसरी शोधून काढली असती.

दोन घरांमधली एकच वस्तू बिनबोभाट गडगा ओलांडायची, ती म्हणजे काकीचा टवका उडालेला वाडगा. तो पलीकडून यायचा आणि कधी रिकामा परत जायचा नाही. काकीकडून ओल्या काजूंची उसळ आली तर आईकडून घावणे जायचे, घावणे गेले की फणसाची भाजी यायची. काकीच्या हातची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, एकशिपी तर बाबांचा जीव की प्राण. वास घेऊन, शिंपला उलटून बघून, "खारट आहे" म्हणत ते शेवटचा थेंब पुसून खायचे. भावाशी अबोला, पण भावजयीच्या कालवणाशी नाही. आईने एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "तो वाडगा आमच्या आईचा आहे. वाटणीत राहून गेला. मी माझ्या आईच्या वाडग्यातलं खातो."

माझी बारावीची परीक्षा संपून मी घरात उंडारत होते, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला डबा आला. अंजनवेलच्या प्रकल्पावरचे गोरे साहेब निघून गेले होते आणि त्यांचं सामानसुमान विकायला निघालं होतं. लोकांनी पंखे घेतले, कपाटं घेतली. बाबांनी चाकांवरचं घर घेतलं. मोटारीच्या मागे बांधून फिरायला न्यायचं ते, आत पलंग, ओटा, न्हाणी, संडास, सगळं आगपेटीत बसवल्यासारखं. ट्रॅक्टरने ओढत आणलं तेव्हा अर्धा गाव मागे. कोणी म्हणे कैद्यांची गाडी, कोणी म्हणे नसबंदीवाले आले. बाबांचा बेत असा की ते बागेत कातळावर उभं करायचं आणि समुद्र बघायला येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना राहायला द्यायचं. ओळखीतून मे महिन्याचं पहिलं कुटुंब ठरलंही. गावाने त्याला डबा म्हटलं आणि बाबा सोडून सगळे डबाच म्हणायला लागले. बाबा 'वाहन' म्हणायचे.

पाण्याची सोय बाबांनी स्वतः केली. कातळाच्या वरच्या टेपाडावर आमची सिमेंटची टाकी होती, पाळीच्या दिवशी विहिरीवरून भरायची. तिथून नळी उतरवून डब्याच्या कुशीतल्या तोंडाला जोडली. त्या तोंडावर पितळेचा एक जाडजूड गड्डू बसवलेला होता. बाबांनी एका बाजूने फुंकून बघितलं, हवा दबकत गेली. "ही बघ चलाखी. पाणी अडवायला बसवलेलं आहे," म्हणाले आणि पान्याने तो गड्डू काढून खिळ्यांच्या खणात टाकला. आमच्याकडे पंप फक्त बागेला, घरात जन्मभर पाणी कळशीने ओढलेलं, नळाला जोर जास्त असणं हा दोष असू शकतो हे कोणाच्या डोक्यात येणार? मग डब्याखाली चोर, साप, काही शिरू नये म्हणून त्यांनी चारी बाजूंनी चिरे रचून तळ बंद करून टाकला. कुत्रीने पिल्लं घातली होती म्हणून आईच्या हट्टापायी तेवढं एक भोक ठेवलं.

पहिल्या दिवशी बाबांनी न्हाणीतला नळ सोडला आणि पाण्याने त्यांना भिंतीला टेकवलं. ओट्याखालचा सांधा सुटला, फवाऱ्याची मान तुटून माझ्या पायाशी आली, संडासाच्या मागून कारंजं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नळ थुंकी टाकावी तसं टाकत होता, कारण वरची टाकी रिकामी. रात्री काठोकाठ भरलेली, कोणी वापरली नाही, जमीन कुठे ओली नाही, आणि सकाळी तळाला लाल गाळ. रत्नागिरीहून नळवाला आणला. त्याने डब्यातल्या करड्या नळ्या बघितल्या, एक आटा बोटाने चाचपला आणि दारातूनच म्हणाला, "काका, हे आपलं माप नव्हे. मी हात लावला नि काय झालं तर तुम्ही मलाच धरणार." बाबांकडे बघून त्याला हे इतक्या लवकर कळलं, म्हणजे माणूस हुशारच. मग ते काम माझ्याकडे आलं, कारण ओट्याखालच्या कपाटात घरातली फक्त मीच मावत होते. पिळून काढायचं, टेप गुंडाळायची, परत पिळायचं. एक सांधा धरला की दुसरा रडायचा. आणि टाकी भरली की दुसऱ्या सकाळी रिकामी.

बाबांनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं. पाणी कुलपातून गेलं. आईने कातळावरच्या राखणदाराला, जागेच्या देवाला, नारळ दिला, पाणी तरी गेलं. "राखणदाराला एवढी तहान लागत नाय," बाबा म्हणाले आणि त्यांची नजर हळूहळू गडग्याकडे वळली. ती वळायला कारणही होतं. त्याच दिवसांत काकांच्या बागेत, गडग्याच्या अगदी पायथ्याशी, एक झरा सुरू झाला होता. चैत्र तापायला लागला, सगळ्यांच्या पोफळींचे शेंडे पिवळे पडायला लागले आणि काकांच्या पोफळी हिरव्यागार. काका सांगत होते, देवाची कृपा. बाबांना देवाच्या कृपेत नळी दिसत होती.

मग बाबांनी नीळ आणली, कपड्यांना घालायची. आमच्या पाळीच्या संध्याकाळी अख्खी पुडी टाकीत ओतली आणि हात धुताना मला म्हणाले, "उद्या चोर रंगून येईल." रंगून आलाच. सकाळी काका गडग्यावर उभे, अंगात लग्नाकार्याचा पांढरा सदरा, म्हणजे झऱ्यावर धुवेपर्यंत पांढरा होता तो.

"शिल्पा! विचार तुझ्या बापसाला, माझ्या झऱ्यात काय घातलंन त्याने!"

"त्याला विचार," बाबा आनंदाने जवळजवळ गात म्हणाले, "माझ्या टाकीतली नीळ ह्याच्या झऱ्यात गेली कशी?"

"म्हणजे नीळ ह्यानेच घातलीन! कबूल झाला बघ!"

"चोर तो, नि वर माझ्यावरच ओरडतोय!"

"चोर? सांग त्याला, संडासाच्या डब्याचं पाणी चोरायला मी काय वेडा आहे? त्याच्या डब्यातली घाण झऱ्यात उतरते असा मलाच वास येतोय! काकी तुझी दोनदा गाळून घेते पाणी!"

मी दोघांचंही दोघांना पोचवत होते, जमेल तितक्या आवाजात. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी मिशीत हसलं नाही. बाबा म्हणाले, "सांग त्याला, रविवारी देवळात गावकी बसते. तिथे हा सदरा घालून ये म्हणावं. विहिरीची पाळी बंद करून दाखवतो." काका निघून गेले. पान थुंकायचंही विसरले. चैत्र-वैशाखात पाणी चुकलं की पोफळ मान टाकते, आणि एकदा टाकली की ते झाड गेलं. पाळी बंद म्हणजे काकांची अख्खी बाग बंद. त्यांचं पोट दुसऱ्या कशावर नव्हतं. दुपारी मी गडग्यावर जाऊन वाडग्याची वाट बघितली. आमचाच वाडगा, म्हणजे आजीचा, पलीकडे चिऱ्यावर पालथा घातलेला होता. पालथा वाडगा मी गडग्यावर त्याआधी बघितला नव्हता. आईने घावण्यांचा तवा उतरवून ठेवला.

गावकीसमोर ठेवायला बाबांना पुरावा पक्का हवा होता. शनिवारी दुपारी त्यांनी मला डब्याखालच्या भोकापाशी नेलं. "आत शीर नि बघ, त्याने खालून नळी टाकलीन का." मी पिल्लांना बाजूला सारून आत सरपटले. अंधार, गारवा, कुत्रीचा वास. नळी कुठेच नव्हती. पण आवाज होता. घळ... घळ... आणि मधेच आवंढा गिळल्यासारखा एक डुबुक. मला आवाज मिळाला की मी तो आधी तोंडाने काढून बघते, अजूनही बघते, त्याशिवाय तो कोणाचा ते मला कळत नाही. मी घशात तो आवाज काढला, दोनदा, तीनदा, आणि माझ्या लक्षात आलं की हा आवाज पाणी पडण्याचा नाही, पिण्याचा आहे. माझ्या पोटाखाली कातळ पाणी पीत होता. हात चाचपत नेला तर डब्याच्या तळातून एक बारीक नळी लोंबत होती आणि तिच्यातून सरळ, धार न मोडता, पाणी कातळातल्या भेगेत चाललं होतं. बाहेर एक थेंब नाही. भेगेच्या दोन्ही ओठांना नीळ लागलेली होती.

तिथेच पडून मी विचार केला. बाबांना जाऊन सांगितलं तर म्हणणार, काकीने उसळ खायला घालून फितवलीन. काकांना सांगितलं तर म्हणणार, बापसाने शिकवून पाठवलंन. दोघांनाही सांगून पटणार नव्हतं, त्यांना ते ऐकवायलाच हवं होतं. मी भोकातून डोकं बाहेर काढलं. बाबा पाणी प्यायला घराकडे गेले होते. घसा खाकरला, आणि बाबांच्या आवाजात गडग्याच्या दिशेने हाक मारली, "भाई... वायच हय ये रे!" पोफळीत खुरप्याचा आवाज थांबला. त्या नावाने काकांना त्या आवाजात हाक आली नव्हती त्याला किती काळ झाला असेल, कोण जाणे. गडग्यावरचा एक चिरा घसरला. मग मी घराकडे तोंड केलं आणि ओठ न हलवता, काकांच्या खर्जात, बाबांना हाक मारली, "बाळू! धाव!"

बाबा तांब्या हातात घेऊनच धावत आले. डब्यापाशी दोघं समोरासमोर.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"मला काय विचारतोस? तूच हाक मारलीस ना?"

"मी? मी कशाला मारू? तू मारलीस!"

मग दोघांनीही सावकाश खाली, भोकातल्या माझ्या डोक्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मारायचं ते नंतर मारा. आधी कान लावा." का कोण जाणे, लावले. भोक एक, डोकी दोन. बराच वेळ घळ घळ ऐकत राहिले, आणि मग बाबा तसेच वाकलेले, काकांच्या कानापासून वीतभर अंतरावरून मला म्हणाले, "त्याला सांग, वरचा कॉक बंद करतो. झरा थांबतो का बघ म्हणावं." काका म्हणाले, "सांग ह्याला, बघतो." संध्याकाळपर्यंत झरा करंगळीएवढा झाला, मग थेंब, मग नुसता ओला दगड. काकांनी गडग्यावरून सांगितलं, "सांग तुझ्या बापसाला, सदऱ्याचे डाग जात नाहीत." रविवारी गावकी बसली आणि बाबा पोट बिघडलं म्हणून घरीच राहिले.

आजार समजला तेव्हा उपाय सोपा निघाला. डब्याच्या पलंगाखाली त्याची स्वतःची एक टाकी असते, प्रवासात वापरायची. बाहेरचं पाणी तिच्यात शिरू नये म्हणून मधे एक रबरी झडप. वरच्या टाकीच्या जोराने ती झडप फाटली होती. बाहेरचं पाणी गुपचूप पोटात शिरायचं, पोट भरलं की जादा पाण्याच्या नळीतून खाली, आणि खाली नेमकी भेग. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून मी झडप केली. खिळ्यांच्या खणातून तो पितळी गड्डू शोधला आणि बाबांच्या डोळ्यांदेखत परत बसवला. पाण्याचा जोर मोडून ते बेताने आत सोडणं, एवढंच त्याचं काम. त्यानंतर सांधे रडायचे थांबले आणि नळ सकाळ-संध्याकाळ एकाच जाडीने वाहायला लागला. आमच्या पाण्यात कातळाची लाल माती फार, म्हणून नळीच्या तोंडाशी जाळी लावली आणि गाळ धुऊन काढायला शेजारी, भोकातून हात पोचेल असा एक छोटा कॉक, त्याचं तोंड डब्याखाली सोडलेलं. कुत्रीच्या धक्क्याने तो फिरू नये म्हणून दांडीला सुतळी बांधली, साधी, माझी आपली शाळेतली गाठ.

वाडगा सुलटा झाला. पण उन्हाळा चढला तसा काकांच्या बागेचा रंग उतरत गेला. काकी गडग्यावर म्हणाली, "हाताशी पाणी होतं गो, सवय लागली होती." काका म्हणाले, "सांग तुझ्या बापसाला, मुद्दाम बंद केलंन ते कळतं आम्हाला." मी पोचवलं. बाबा म्हणाले, "माझं पाणी माझ्या वाहनात. चुकलं काय?" पण त्यानंतर ते संध्याकाळी गडग्याशी उभे राहून त्या पिवळ्या शेंड्यांकडे बघत राहायचे, बांगड्याचा कल्ला बघावा तसं.

पुण्याचं कुटुंब आलं, खूश होऊन गेलं. ते गेल्यावर एका सकाळी मला वरची टाकी अर्धी दिसली. मी धसकलेच. झडप गेली असणार. बाबांना सांगितलं तर त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "उन्हाने आटलं असेल," म्हणाले. दुधाचा थेंब नखावर धरणारा माणूस म्हणतो, उन्हाने आटलं असेल! त्या क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी ते झोपल्यावर भोकातून आत शिरले. घळ... घळ... झडप शाबूत होती. गाळाचा कॉक किंचित फिरवलेला होता, धार सुतासारखी बारीक, सरळ भेगेत. दांडीला सुतळी होतीच. मी बोटांनी चाचपली. दोन फेरे उलटे, एक सुलटा, टोक आत.

मी ती सोडली, कॉकमधली माती काढली, होता तिथेच परत ठेवला आणि सुतळी बांधली, दोन उलटे, एक सुलटा, टोक आत. ती माझी आतापर्यंतची सगळ्यात चांगली नक्कल आहे आणि तिला टाळी द्यायला फक्त कुत्री होती.

संध्याकाळी काका गडग्याशी आले. आज निरोप नव्हता, आवाज बारीक केलेला. "गो शिल्पा, झरा परत सुरू झालाय. तुझ्या बापसाचा काय डाव आहे?"

"डाव कसला? डबा जुना आहे काका. गळतो."

काकांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "म्हणजे तुझं काम कच्चं."

"कच्चंच," मी म्हटलं.

दिवेलागणीला काकीने वाडगा दिला. एकशिपी, काठापर्यंत, इतकी की आईने ताटातच ओतून घेतली. बाबांनी वास घेतला. एक शिंपला उलटून बघितला, मग दुसरा. मग गडग्याच्या दिशेला, अंधारात, कपाळाला आठ्या घालून बघितलं.

"आज एवढ्या तिसऱ्या का दिल्या असतील गो हिने?" म्हणाले, आणि शेवटचा थेंब पुसून खाल्ला.